लाल डब्यातलं तेल

सिग्नल सुटला, त्यानं पहिल्यातून दुसरा गिअर टाकला आणि गाडी ओरडली. कर्र. फरशीवरून लोखंडी पलंग ओढावा तसा आवाज. कानाला तो नंतर ऐकू आला. आधी तळहाताला लागला, तिथून कोपरात, कोपरातून खांद्यात, आणि शेवटी त्या एका किडक्या दाढेत जाऊन बसला. बसस्टॉपवरची आठ-दहा माणसं इतका वेळ गाडीकडे बघत होती, ती आता त्याच्याकडे बघायला लागली. दोन सीटची, बुटकी, छप्पर नसलेली, पन्नास वर्षांची हिरवी स्पोर्ट्स कार. अशा गाडीत बसलेल्या माणसाला लोक मालक समजतात, आणि गाडी ओरडली की चोर. एका म्हाताऱ्यानं तर स्वतःचेच दात घासले गेल्यासारखं तोंड केलं. त्याला वाटलं, उतरून सांगावं, बाबांनो, गाडी माझी नाही, सासऱ्याची आहे, मी मेकॅनिक आहे. पण मग ते विचारणार, मेकॅनिक ना? मग नीट का करत नाहीस? आणि ह्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याला सहा वर्षांपासून माहीत होतं. त्यानं इंडिकेटर लावला आणि गाडी डावीकडे घेतली. टेस्टचा रस्ता ठरलेला होता, चार वळणं, चारही डावी, की परत गॅरेज. पंधरा वर्षांत त्या सिग्नलवरून तो सरळ कधी गेलाच नव्हता. सरळ रस्त्याला वीस मिनिटांवर मोटार प्रशिक्षण शाळा होती, आणि शाळेचं पत्र त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. गिअरबॉक्स शिकवायला माणूस हवाय, तुमची निवड झालीय, शनिवारी दुपारी एकच्या आत समक्ष येऊन होकार द्या. आज गुरुवार.

गॅरेजच्या दारात मामा बसलेले होते. सासऱ्याला तो मामाच म्हणायचा. कुठल्यातरी भंगारातल्या गाडीची पुढची सीट काढून, खाली चार विटा लावून, त्यावर ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचे. दोन वर्षांपूर्वी झटका येऊन डावा पाय गेला तेव्हापासून. पाय गेला म्हणजे क्लच गेला. क्लच गेला म्हणजे गाडी गेली. पण कान शाबूत होते. एवढ्या लांबच्या सिग्नलवरचा आवाज त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी त्यांनी विचारलंच, किती दात शिल्लक आहेत, मोजलेस का? तो म्हणाला, उघडतो पाचव्यांदा. मामा म्हणाले, उघड, उघड, गिअरबॉक्स नाही तो, तुझं माहेर आहे. तो हसला. हसायचंच असतं अशा वेळी. समोरचा शिंपी त्याला घरजावई म्हणायचा नाही, गॅरेजजावई म्हणायचा, तेव्हाही तो असाच हसायचा. पंधरा वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर ह्या हसण्याची एक घडी पडली होती, इस्त्रीनं न जाणारी.

दुपारी त्यानं सीट काढल्या, मधला पत्रा काढला, गाडीखाली झोपला आणि एकेक बोल्ट सोडवायला लागला. ह्या गाडीखाली त्याला घड्याळ लागत नसे. कुठला बोल्ट कुठे अडतो, कुठला पाना तिरका धरावा लागतो, कुठे हाताची सालं निघतात, सगळं पाठ. छातीच्या वर वीतभर अंतरावर गिअरबॉक्स, पाठीखाली फरशी. लोकांचा अशा जागी जीव गुदमरतो. त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं ह्याचीच अलीकडे भीती वाटायला लागली होती. गॅरेजच्या वरच घर, चौदा पायऱ्या. तो वर जायच्या आधी त्याचा वास वर जायचा. लग्न झालं तेव्हा बायको म्हणायची, तुझा वास आवडतो मला. मग काही वर्षांनी म्हणायला लागली, बाबांचाच वास येतो तुला. शाळेची जाहिरात तिनंच शोधली, अर्ज तिनंच लिहिला, त्यानं फक्त सही केली. पत्र आलं त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, तू माझ्याशी लग्न केलंस की माझ्या बापाशी, ते आता एकदा ठरव. थट्टेतच म्हणाली. पण भाजी चिरत होती, आणि सुरी थांबली होती.

तो इथे आला तो एका वर्षासाठी. गिअरबॉक्स शिकायचा, पुढे जायचं. गिअरबॉक्समध्ये मामांच्या हाताला गावात तोड नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याला ह्या हिरव्या गाडीत बसवलं, त्याचा डावा हात दांड्यावर ठेवला आणि त्या हातावर आपला हात. जड, गरम, भेगा पडलेला हात. म्हणाले, कानाला विचारू नकोस, हाताला विचार. दांडा ढकलायचा नाही, नुसता दाखवायचा, गिअर स्वतः ओढून घेतो. त्यानं दाखवला. दुसऱ्यानं कर्र केलं. मामा हसले आणि म्हणाले, हिचा दुसरा लोण्यासारखा पडला ना, की तू शिकलास. मग तू सुटलास, जा कुठं जायचं ते. त्यानं ते मनावर घेतलं. पोरवय. वर्षभरानं बॉक्स उघडला, आतल्या झिजलेल्या पितळी रिंगा बदलल्या, दुसरा लोण्यासारखा पडला. पण तोपर्यंत चौदा पायऱ्यांवरून चहा घेऊन येणारी मुलगी होती. मग लग्न. आणि लग्नानंतर दीड-दोन वर्षांत दुसरा परत ओरडायला लागला. परत उघडला. परत नीट झाला, परत बिघडला. मजा अशी की मामांच्या हातात गाडी कधीच ओरडायची नाही. ते जुन्या ट्रकवाल्यांसारखे दोनदा क्लच मारायचे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून दम घ्यायचा, परत क्लच, मग गिअर. असं केलं की झिजलेली रिंगही निभावते. त्यालाही ते यायचं, पण तो करायचा नाही. दुखणं लपवूनच चालवायचं तर मेकॅनिक कशाला व्हायचं, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणणं चांगलंच होतं, फक्त गाडीपुरतं.

शुक्रवारी सकाळी त्यानं तेल सोडलं. जाड, काळपट, उतरत्या उन्हासारखी सोनेरी चमक मारणारं. ती चमक म्हणजे रिंगांचं झिजलेलं पितळ. बोटावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाजवळ नेलं. नासक्या अंड्यांचा, फटाक्यांच्या धुराचा वास. लाल डब्यातल्या तेलाचा वास. डबा समोरच फळीवर होता, एका बाजूनं चेपलेला, मामांच्या बापाच्या वेळचा असावा असा. तेल बाजारातून नवं यायचं, पण ओतलं जायचं ह्या डब्यातच. गॅरेजचा रिवाज होता. काम कुणीही करो, शेवटचं तेल उस्तादानं ओतायचं. तेल ओतलं म्हणजे सही केली. आणि मामा मागच्या एक्सलला घालतात तेच जाड तेल गिअरबॉक्सलाही घालायचे, कारण त्यांच्या उस्तादानं तसं घातलं होतं. लोखंडी दात्यांना ते तेल दुधासारखं. पण त्यातलं गंधक पितळ खातं. सहा वर्षांपूर्वी तो चौथ्यांदा रिंगा आणायला गेला, तेव्हा स्पेअरपार्टच्या काउंटरवाल्यानं त्याला हे सांगितलं होतं. सहज, दुसऱ्या गिऱ्हाइकाला बोल्ट मोजून देता देता. तुम्ही कुठलं तेल घालता हो? ते? मग वर्षभरात या परत, रिंगा काढूनच ठेवतो. तो रिंगा खिशात घालून घरी आला, बसवल्या, मामांनी लाल डबा उचलला, नरसाळं लावलं, आणि तो बघत उभा राहिला. तोंड उघडलं होतं त्यानं. त्याला अजून आठवतं, तोंड उघडं होतं, जीभ टाळूला लागलेली होती. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मामा, तुम्ही आयुष्यभर, शेकडो गाड्यांना, स्वतःच्या हातानं, सही करून, विष पाजलंत? डबा रिकामा झाला. मामांनी नरसाळं पुसलं आणि नेहमीसारखं म्हणाले, झाली शहाणी.

बॉक्स बाकावर उघडून ठेवला होता. तो एकेक भाग काढून मांडत होता आणि मनातल्या मनात वर्गात उभा होता. हातात खडू. हे बघा, इथे दोन फिरणाऱ्या वस्तू आहेत, दोघांचा वेग वेगळा. तशाच भिडवल्या तर दात्यांवर दाते आदळतात, तोच तो कर्र. म्हणून मध्ये ही पितळी रिंग. ही आधी जाऊन घासते. घासून घासून दोघांना एका वेगावर आणते, मग ते गुपचूप एकमेकांत बसतात. बांगडीएवढी रिंग त्यानं गिअरच्या निमुळत्या कडेवर दाबली आणि फिरवली. चांगली रिंग चिकटते, हलत नाही. ही गरगर फिरली. आतल्या बारीक रेघा गेल्या होत्या, आरशासारखी गुळगुळीत झाली होती. वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सर, पण ह्यात रिंगेला काय मिळतं? त्यानं खडू खाली ठेवला. वर्ग पुसून गेला, समोर बाक, आणि बाकाच्या पलीकडे उघड्या दारात विटांवरच्या सीटवर मामांची पाठ. पाठही बारीक होत चालली होती. खांद्याची हाडं शर्टातून वर आली होती. ह्या पाठीला सांगायचं. कुठून सुरुवात करायची? सकाळपासून तो वाक्यं जुळवत होता, वाक्यं नरसाळ्याच्या तोंडाशी येऊन अडकत होती. आणि त्या सगळ्या वाक्यांच्या खाली आणखी एक होतं, जे तो स्वतःला ऐकू देत नव्हता. मामांसाठी गप्प बसलास हे ठीक. पण दर वेळी गाडी परत ओरडली की तुला आतून सुटल्यासारखं वाटायचं, ते का? चला, अजून नीट झालेली नाही, म्हणजे अजून जायला नको. लोक कोंडून घालणाऱ्याला शिव्या देतात. इथे कडी आतून होती, आणि तिला तो वेळच्या वेळी तेल घालत होता.

नाही, तेल मामा घालत होते.

आणि इथे त्याचा हात थांबला, कारण एक गोष्ट त्याला कधीची खुपत होती, बुटातल्या खड्यासारखी. चार वर्षं झाली, मामा दुसऱ्या कुणाच्याही गाडीत तेल ओतत नव्हते. बाकीच्या गाड्यांत तूच ओत, मला वाकवत नाही, असं म्हणाले होते. तेव्हा पाय धडधाकट होता. त्याला आनंदच झाला होता, गिऱ्हाइकांच्या गाड्यांत तो गुपचूप बरोबर तेल घालायला लागला, आणि त्या गाड्या परत आल्याच नाहीत. फक्त ह्या हिरव्या गाडीचं, वर्षातून एकदा तेल बदलायचं ते, मामा स्वतः ओतत राहिले. हिच्यासाठी मात्र वाकवत होतं. त्याच सुमाराची आणखी एक आठवण वर आली. मामा भांडायला म्हणून स्पेअरपार्टवाल्याकडे गेले होते, हलक्या रिंगा देता काय म्हणून, बाह्या सरसावून. आणि परत आले ते गप्प. दोन दिवस कुणाला रागावले नाहीत. घरात सगळ्यांना वाटलं, ब्लडप्रेशर. त्यानं हातातली रिंग खाली ठेवली. ती बाकावर गोल फिरत राहिली, बराच वेळ, आणि मग आडवी झाली. नाही, असं कसं असेल. त्यानं नव्या रिंगा पुडीतून काढल्या आणि कामाला लागला. विचार करण्यापेक्षा रिंग बसवणं सोपं होतं, पंधरा वर्षं सोपं होतं.

शनिवारी सकाळी खाली उतरताना बायको म्हणाली, दुपारी जेवायला वर येऊ नकोस. तिकडूनच ये, उशीर होऊ दे. तो बरं म्हणाला. ती गॅलरीतून खाली बघत उभी राहणार हे त्याला माहीत होतं. मामा उठायच्या आत त्यानं लाल डबा पेट्रोलनं धुतला, तीनदा धुतला, फडक्यानं कोरडा केला आणि त्यात बरोबर तेल भरलं. पातळ, मधाच्या रंगाचं, बिनवासाचं. त्याला स्वतःचंच हसू आलं. सहा वर्षांत जे तोंडानं झालं नाही ते डब्यानं होणार होतं. मामा ओततील, झाली शहाणी म्हणतील, त्यांची सही त्यांच्याकडे राहील, गाडी नीट होईल, आणि तो बाराला निघेल. कुणाला काही कळायचं कारण नाही. अकरापर्यंत बॉक्स गाडीत बसला. मामा काठी टेकत आले, उघड्या मधल्या पत्र्याजवळ स्टुलावर बसले. त्यानं नरसाळं नळीत अडकवलं, डबा हातात दिला. मामांनी डबा तिरका केला, आणि तसाच धरून राहिले. मग हळूच नाकाजवळ नेला.

"वास मेला ह्याचा," ते म्हणाले.

त्यानं फडक्याला बोटं पुसली. समोरच्या दुकानात शिंप्याचं मशीन चालू होतं, ते नेमकं थांबलं.

"कधीपासून माहितीय तुला?"

"सहा वर्षं."

मामांनी मान हलवली. त्यांनी डबा मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी धरला, लहान पोर धरावं तसा.

"मला चार," ते म्हणाले.

सहा वर्षं साठवलेला राग त्याच्या पोटात होता, आज कामाला येईल म्हणून जपलेला. तो वर यायला निघाला आणि अर्ध्या वाटेत त्याला मामांचा राग भेटला. दोघांना एकमेकांना वाट द्यावी लागली. त्यानं विचारलं, मग ओतत का राहिलात? विचारताना आवाज चिरका झाला, त्याचा त्यालाच ओळखू येईना. मामा त्याच्याकडे बघत नव्हते, नरसाळ्याकडे बघत होते.

"शब्द दिला होता तुला. दुसरा नीट पडला की सुटलास म्हणून. पडला असता तर पाळावा लागला असता." मग थांबून म्हणाले, "तू का गप्प बसलास, ते मी विचारत नाही."

विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि एकदा तोंडातून बाहेर पडल्यावर ते त्याचं राहिलं नसतं. मामांनी डबा त्याच्यासमोर धरला. म्हणाले, घे, आज तू ओत. पंधरा वर्षांत ह्या गाडीत तेल ओतायची त्याची ही पहिली वेळ. त्यानं ओतलं. बिनवासाचं तेल बिनआवाजाचं खाली गेलं. झाली शहाणी असं कुणीच म्हटलं नाही. मामा उठता उठता त्याच्या छातीकडे बोट करून म्हणाले, तो कागद दुसरीकडे ठेव, घामानं शाई उतरलीय शर्टावर. त्यानं खाली बघितलं. खिशावर निळा डाग होता, रुपयाएवढा. गुरुवारपासून ते बघत असणार.

टेस्टला मामाही बसले. पाय हातानं उचलून आत घ्यावा लागला. बाराला दहा कमी होते. वर गॅलरीत बायको उभी होती. तिनं हात केला नाही, नुसती उभी होती, केस पुसत. पहिला टाकला, गाडी फाटकाबाहेर आली. मग दुसरा. त्यानं दांडा दाखवला फक्त. दांडा हातातून निघून गेला, पाण्यातून मासा जावा तसा, आणि जाऊन बसला. काहीच झालं नाही. दाढेनं वाट बघितली, खांद्यानं वाट बघितली, काहीच नाही. तिसरा. परत दुसरा. काहीच नाही. त्याला वाटलं होतं आनंद होईल. झालं असं की जणू इतकी वर्षं शेजारी घोरणारं माणूस एकाएकी गप्प झालं, आणि आपण अंधारात डोळे उघडून ऐकतोय. मामांचा हात स्वतःच्या मांडीवर होता. एकदा तो उचलला गेला, दांड्यावरच्या त्याच्या हाताकडे थोडा सरकला, आणि परत मांडीवर गेला.

सिग्नल लांबूनच दिसला. हिरवा होता. बसस्टॉपवर आज माणसं कमी होती. सिग्नलच्या पलीकडे सरळ रस्ता होता, दोन्हीकडे झाडं, मोकळा, उन्हानं पांढरा. त्यावर एक सायकलवाला लांब लांब जात होता. त्याला तो रस्ता इतका नीट ह्याआधी कधी दिसला नव्हता.

"सरळ घे," मामा म्हणाले. समोर बघत, साध्या आवाजात, पाना दे म्हणावं तसं.

"हो," तो म्हणाला.

खरंच म्हणाला. मनापासून म्हणाला. शाळेचं फाटक, ऑफिसातलं टेबल, टेबलावर खिशातला कागद उलगडून ठेवणारे स्वतःचे हात, सगळं त्याला दिसत होतं. त्याच हातांकडे तो बघत होता, म्हणून की काय, दुसरे दोन, गाडी चालवणारे, त्याला दिसले नाहीत. टिक टिक आवाज कुठून येतोय हे त्याला आधी कळलंच नाही. मग डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा लागत-विझत असलेला दिसला. इंडिकेटर कधी लावला ते त्याला आठवेना. डावा हात तिसऱ्यातून खाली आला होता, दुसरा पडला होता, लोण्यासारखा, आवाज न करता, आणि स्टिअरिंग फिरत होतं. सरळ रस्ता उजव्या खांद्यावरून मागे गेला. सायकलवाला झाडांत दिसेनासा झाला.

मामांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ते परत समोर बघायला लागले. बारा वाजून गेले होते. एकला अजून वेळ होता. गाडी सुरेख चालली होती. पुढचं वळणही डावंच होतं.